वाचनालयातील सहा संगणक : दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळी आटोपून अभ्यासिका पुन्हा भरू लागली, तेव्हा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने सहाही संगणक मार्गी लावण्याचे काम माझ्याकडे सोपवले आणि त्याची तारीखवार नोंद ठेवावी, असेही सांगितले. यवतमाळ जिल्ह्यातले आमचे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून अठरा किलोमीटर आत आहे. तिथून दुरुस्ती करणारा बोलावला, तर त्याच्या जाण्यायेण्याच्या खर्चात नवा कीबोर्ड येतो. सध्या कापूस वेचणीचे दिवस असल्याने मुले दिवसभर शेतात असतात आणि दिवे लागल्यावर अभ्यासिकेत येतात. त्यामुळे सकाळी नऊ ते दुपारी एक एवढा वेळ मला निवांत मिळणार आहे.

आज फक्त मोजदाद केली. क्र. १ सर्वांत जुना असून त्यात अजून विंडोज ७ आहे, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. क्र. २ ते ५ हे चार एकाच वेळी देणगीतून आलेले, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे आणि ४ जीबी रॅमचे आहेत. त्यांत विंडोज १० असून क्र. ४ वर मागे कोणीतरी लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत कार्यप्रणालीही शेजारी बसवून ठेवली आहे. क्र. ६ त्यामानाने नवा, विंडोज ११ चा, ग्रंथपाल ताईंच्या टेबलावर असतो.

तक्रारवहीत गेल्या तीन महिन्यांत एकवीस नोंदी आहेत आणि त्यांतल्या अठरांमध्ये ‘चालत नाही’ यापलीकडे काहीही लिहिलेले नाही. एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिले आहे, “कालपर्यंत चालू होतं जी, आज काऊन नाही त माहीत नाही.” दुरुस्तीच्या दृष्टीने हीच नोंद सर्वांत उपयोगी ठरली, कारण कालपर्यंत चालू होते एवढे तरी तीतून कळते. पडद्यावर जो संदेश येईल तो ‘ओके’ दाबण्यापूर्वी जसाच्या तसा वहीत उतरवावा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढावा, अशी पाटी आज भिंतीवर लावली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

क्र. ३ पासून सुरुवात केली. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये वाचनालयाची मेल उघडत नव्हती आणि परीक्षेच्या अर्जाचे संकेतस्थळ उघडल्यास जोडणी सुरक्षित नसल्याचा लाल इशारा येत होता. मुलांनी पासवर्ड चुकल्याचे गृहीत धरून तो दोनदा बदलला होता. ब्राउझरने मात्र त्याच पानावर घड्याळ मागे असल्याचे स्पष्ट लिहिले होते, जे कोणीही वाचले नव्हते. कोपऱ्यातील तारीख १ जानेवारी २०१४ होती.

कारण समजून घेण्यासारखे आहे. सुरक्षित जोडणी जुळवताना समोरचा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे त्यातच लिहिलेले असते. आपला संगणक ती मुदत स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. संगणकाच्या लेखी आज २०१४ साल असेल, तर २०२५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो जोडणी नाकारतो. पासवर्ड तपासण्याची वेळच येत नाही. म्हणून तो कितीदाही बदलला तरी व्यर्थ.

तारीख आणि वेळ हाताने भरली, मेल लगेच उघडली. काम अर्ध्या तासात आटोपल्याचा मला झालेला आनंद दोन दिवस टिकला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

क्र. ३ वर ऑक्टोबरचे मासिक अपडेट अजून बसलेले नव्हते, म्हणून आज ‘अपडेट तपासा’ दाबले. तेव्हा ०एक्स८००७२एफ८एफ ही चूक आली. इथे माझे चुकले. अपडेट अडले की अपडेटची साठवण साफ करायची, हा उपाय मला पाठ असल्यामुळे मी विचार न करता तिकडेच वळलो. विंडोज अपडेट आणि पार्श्वभूमीत फाइली आणणारी बिट्स या दोन सेवा थांबवल्या, विंडोजच्या फोल्डरमधील ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरचे नाव बदलले, सेवा पुन्हा सुरू केल्या. चूक तीच. मग सिस्टिमच्या फाइली तपासणारा आदेश चालवला, त्याला पाऊण तास लागला आणि सर्व फाइली धडधाकट निघाल्या. साडेबाराच्या सुमारास वैतागून वही उघडली, आजची तारीख लिहायला संगणकाकडे पाहिले, तर तिथे पुन्हा १ जानेवारी २०१४.

हा क्रमांकसुद्धा सुरक्षित जोडणी न जुळल्याचाच असतो आणि चुकीची तारीख हे त्याचे नेहमीचे कारण आहे. म्हणजे परवा लॉगिनच्या रूपात आलेला दोष आज अपडेटच्या रूपात आला होता. परवा मी तारीख दुरुस्त केली, पण ती का बिघडली हे विचारलेच नाही.

संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या चपट्या सेलवर चालते. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्टचा. भिंतीतला पुरवठा चालू असेल, तर संगणक बंद असूनही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेल फारसा खर्च होत नाही. आमच्याकडे मात्र शिपाई काका रोज रात्री मुख्य स्विच पाडूनच कुलूप लावतात, कारण विजेच्या कडकडाटात एकदा राउटर जळाला होता. त्यांचे चूक नाही. मात्र रोज रात्रीचे बारा तास सर्व भार त्या सेलवर येतो. गावातल्या वायरमनच्या मीटरवर सेल २.१ व्होल्ट दाखवत होता.

इंटरनेटवरून वेळ आपोआप का दुरुस्त झाली नाही, हा प्रश्न ताईंनी विचारला आणि तो रास्त होता. घरगुती किंवा स्वतंत्र संगणकावर विंडोजची वेळ-सेवा मूळ मांडणीनुसार १५ तासांहून जास्त फरक आपणहून दुरुस्त करत नाही. एवढा मोठा फरक तिला संशयास्पद वाटतो. इथे फरक जवळपास बारा वर्षांचा होता.

आज बाजाराचा दिवस असल्याने घड्याळजी बसलेला होता. त्याच्याकडून चाळीस रुपयांना एक याप्रमाणे तीन सेल घेतले. एक क्र. ३ मध्ये बसवला आणि दोन ड्रॉवरमध्ये ठेवले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रात्रभर मुख्य स्विच बंद होता. सकाळी क्र. ३ ची तारीख बरोबर, अपडेट विनातक्रार बसले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज सॉफ्टवेअर बसवण्याच्या तक्रारी घेतल्या. क्र. २ आणि ५ वर संगणक जोडून देणाऱ्या दुकानदाराने ऑफिसची फुकटात फोडलेली आवृत्ती टाकून दिली होती. ती आता परवाना मागत होती आणि तिला चालू ठेवणारा छोटा प्रोग्राम विंडोजच्या डिफेंडर या व्हायरसविरोधी रखवालदाराने धोकादायक म्हणून अडकवला होता. मुलांचे म्हणणे, डिफेंडर बंद करा म्हणजे झाले. मी ते ऐकले नाही. ती आवृत्ती काढून लिब्रेऑफिस हा ऑफिसचा मोफत पर्याय बसवायला घेतला, तेव्हा क्र. ५ वर १६१८ ही चूक आली. हा आकडा घाबरण्यासारखा नाही. विंडोजची इन्स्टॉलर सेवा एका वेळी एकच काम हाती घेते आणि मागे दुसरे काही बसत असेल तर नव्याला असे परत पाठवते. चहा पिऊन आलो, मागचे अपडेट संपले होते, लिब्रेऑफिस बसले.

क्र. २ वर एका सराव-चाचणीच्या प्रोग्रामने व्हीसीरनटाइम १४० नावाची डीएलएल फाइल सापडत नसल्याचे सांगितले. एका मुलाने तेवढीच फाइल कुठल्याशा संकेतस्थळावरून उतरवून विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये टाकली होती. ती ताबडतोब काढून टाकली. अशी सुटी फाइल कोणी आणि कशी बनवली हे कळायला मार्ग नसतो. शिवाय ती एकटी पुरत नाही, कारण तिच्यासोबतच्या इतर फाइलीही लागतात. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्यूटेबल हा पूर्ण संच बसवला की प्रश्न मिटतो. विंडोज ६४ बिटची असली तरी प्रोग्राम ३२ बिटचा असेल, तर ३२ बिटचाच संच लागतो, म्हणून मी दोन्ही बसवतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

क्र. ५ वरील टंकलेखन सरावाच्या प्रोग्रामने संपूर्ण सकाळ घेतली, पण या प्रकल्पात मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते याच दोषातून. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या चार मुली त्यावर सराव करतात. प्रोग्राम बराच जुना आहे. त्याचा इन्स्टॉलर दहा टक्क्यांवर थांबून तात्पुरते फोल्डर उघडता येत नसल्याचे सांगत होता. डिस्कवर जागा होती, ॲडमिनचे अधिकार होते, आणि हाच इन्स्टॉलर क्र. २ वर सुरळीत बसला होता.

दोन संगणक शेजारी ठेवून फरक शोधत गेलो, तेव्हा क्र. ५ वरील वापरकर्त्याचे नाव ‘वाचनालय’ असे देवनागरीत असल्याचे लक्षात आले. विंडोज स्वतः युनिकोडवर चालत असल्यामुळे तिला त्याची अडचण नाही आणि सी ड्राइव्हवरील वापरकर्त्याचे फोल्डरही तिने देवनागरीतच बनवले होते. जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र प्रत्येक अक्षर विंडोजच्या जुन्या सांकेतिक तक्त्यातून वाचावे लागते, आणि देवनागरीसाठी असा तक्ता विंडोजमध्ये कधी नव्हताच. मराठी, हिंदी या भाषा तिथे थेट युनिकोडमध्येच आल्या. त्यामुळे या प्रोग्रामला ‘वाचनालय’ या फोल्डरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात, आणि प्रश्नचिन्ह हे विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात चालतच नाही. म्हणजे तो जिथे जाऊ पाहत होता ते ठिकाण अस्तित्वात असणेच शक्य नव्हते.

आधी तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता बदलून सी ड्राइव्हवर साधे ‘टेम्प’ फोल्डर दिले. त्याने प्रोग्राम बसला, पण सरावाचे गुण जतन करताना पुन्हा अडला, कारण ते वापरकर्त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जातात. कंट्रोल पॅनेलमधून वापरकर्त्याचे नाव रोमन केले, तर दिसणारे नाव बदलले आणि फोल्डर जुनेच राहिले. ते तसेच राहते. शेवटी रोमन नावाचे नवे खाते उघडले, जुन्या खात्यातील फाइली त्यात आणल्या आणि खाते पूर्ण तयार झाल्यावर त्याचे दिसणारे नाव पुन्हा ‘वाचनालय’ करून दिले. फोल्डर रोमन, पाटी मराठी. मराठी वाचनालयाच्या संगणकाला मराठी नाव देणे ही चूक म्हणायला मला जड जाते, तरी पुढची खाती याच रीतीने उघडायची असे ठरवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून इंटरनेट अतिशय संथ होते आणि मुलांनी जोडणी देणाऱ्याला दोष दिला. खरे कारण घरातच होते. विंडोजची मासिक अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी दहा वाजता निघतात, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे त्याच रात्री साडेअकराला. काल दुसरा मंगळवार होता. ताईंनी क्र. ६ सुरू केल्याबरोबर त्याने सर्व वाट अडवली. अपडेटच्या मांडणीत एकाच जाळ्यातील संगणकांनी उतरवलेले तुकडे एकमेकांना देण्याची सोय असते, ती क्र. २ ते ६ या पाचही ठिकाणी तपासून सुरू केली; शिवाय उतरवण्याच्या वेगावर मर्यादा घातली.

क्र. २ ते ५ चा प्रश्न वेगळा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे या चौघांना अधिकृतपणे वर जाता येत नाही. नियमाला बगल देऊन बसवण्याच्या युक्त्या मुलांना ठाऊक आहेत, पण पुढचे एखादे अपडेट अडले तर ते निस्तरायला मीच असेन, म्हणून नकार दिला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तोवर हे चार चालवायचे, असे मंडळाला कळवले. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नोंदणी करावी लागते. क्र. ३, ४ आणि ५ ची नोंदणी आज झाली.

क्र. २ मात्र जुन्याच आवृत्तीवर अडकलेला निघाला. ०एक्स८००७००७०, म्हणजे जागा अपुरी. पाचशे जीबीची डिस्क असून जागा कशी नाही, तर जोडणाऱ्याने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचे चार तुकडे करून सी ड्राइव्हला केवळ पन्नास जीबी दिले होते आणि बाकीचे तीन ड्राइव्ह जवळजवळ रिकामे होते. डिस्क क्लीनअपमधून जुनी अपडेट्स काढली, मुलांच्या डाउनलोड केलेल्या चित्रफिती डी ड्राइव्हवर हलवल्या आणि सव्वीस जीबी मोकळे करून २२एच२ बसवले. नोंदणी संध्याकाळी झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचनालयाचे गुगल खाते क्र. ६ वर नव्याने उघडायचे होते. पासवर्ड बरोबर, पण ओटीपी जातो पूर्वीच्या ग्रंथपाल बाईंच्या मोबाइलवर, आणि त्या निवृत्तीनंतर मुलीकडे अमरावतीला राहायला गेल्या आहेत. त्यांना फोन केला. पहिल्यांदा त्या देवळात होत्या, दुसऱ्यांदा चष्मा सापडेना, तिसऱ्यांदा त्यांनी आकडे वाचून दाखवले तेव्हा मुदत टळली होती. चौथ्या खेपेला जमले. “सर, अजून लागलं त सांगजा, मी घरीच आहो,” असे त्या आपुलकीने म्हणाल्या, तरी वाचनालयाचे कुलूप अमरावतीला असणे बरे नव्हे.

खाते उघडताच तीन गोष्टी केल्या. सचिव आणि ताई या दोघांचे क्रमांक जोडले. दहा राखीव कोड छापून रोकडवहीसोबत कपाटात ठेवले. प्रत्येक कोड आठ आकडी असून एकदाच चालतो, म्हणून वापरलेल्यावर काट मारायची. आणि दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड देणारी व्यवस्था क्र. ४ वरील कीपासएक्ससी या पासवर्डपेटीत बसवली, जेणेकरून ज्याची पाळी असेल त्याला मोबाइलशिवाय लॉगिन करता यावे.

थंडरबर्डलाही नव्याने जोडले. पूर्वी त्यात फक्त नाव आणि पासवर्ड टाकून चालत असे. वैयक्तिक खात्यांसाठी गुगलने ती रीत ३० मे २०२२ पासून बंद करत नेली. आता खात्याच्या मांडणीत प्रमाणीकरणाची पद्धत ‘ओऑथ २’ निवडावी लागते आणि मग लॉगिनची खिडकी उघडते. ती खिडकी कोरी राहत असेल किंवा फिरून फिरून पासवर्डच मागत असेल, तर थंडरबर्डच्या गोपनीयतेच्या मांडणीत कुकीज स्वीकारण्याची खूण आहे का, ते पाहावे. क्र. ३ वर ती खूण काढलेली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

क्र. ५ वर नव्या खात्याचा पासवर्ड चुकतो, अशी एका मुलीची तक्रार आली. ती बरोबर टाकत होती, कीबोर्ड मराठीत होता. इन्स्क्रिप्ट मांडणीत के या कळीवर क येतो आणि एच वर प. पण पासवर्डच्या चौकटीत सगळ्यांचेच ठिपके होतात. चौकटीतील डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवून तिला दाखवले, ती हसली. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषा दिसते, ती आधी पाहायची, ही ओळ पाटीवर वाढवली. क्र. ३ वर पिन न घेण्याचे कारण नम लॉक बंद असणे, एवढेच होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

क्र. १ वर विंडोज ७ ठेवण्यात अर्थ नव्हता. त्यातली विंडोज ३२ बिटची असल्यामुळे संगणकही ३२ बिटचाच, असा सर्वांचा समज होता. प्रोसेसर कोअर टू ड्युओ, म्हणजे ६४ बिटचा निघाला. रॅम २ जीबीच असली तरी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती तेवढ्यावर कशीबशी चालते. जवळपास तीन जीबीची फाइल रात्री उतरवली आणि पेन ड्राइव्हवर चढवली, पण बसवताना निम्म्यावर वाचनाची चूक आली. पेन ड्राइव्ह बदलला, तरी तेच. तेव्हा विंडोजच्या सर्टयुटिल या आदेशाने फाइलचा शा-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढून मिंटच्या संकेतस्थळावरील ६४ अक्षरांच्या ठशाशी ताडला. पहिलीच चार अक्षरे जुळली नाहीत. रात्री जोडणी तुटल्याने फाइल अर्धवट राहिली होती. ठसा आधी ताडायला दोन मिनिटे लागली असती. पुन्हा उतरवली, ताडली, बसवली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताईंनी सांगितले की क्र. ४ वरचा ३० सेकंदांचा कोड गुगल सकाळी नाकारते आणि थोड्या वेळाने तोच संगणक चालणारा कोड देतो. असा कोड गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांतून तयार होतो, त्यामुळे कोड देणाऱ्या यंत्राचे घड्याळ मागेपुढे झाले की तो निरुपयोगी. घड्याळ म्हणताच मला सेल आठवला. सकाळी घड्याळ साडेपाच तास मागे होते. ड्रॉवरमधला सेल काढून बसवला.

त्याची शिक्षा लगेच मिळाली. जुना सेल चांगला होता, तो काढल्याने बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची, मांडणी पुसली गेली, डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली आणि विंडोज निळ्या पडद्यावर थांबू लागली. बायोसमध्ये जाऊन ती पद्धत पूर्ववत केल्यावर विंडोज उघडली. एक वाजून गेला होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

क्र. ४ चे घड्याळ नव्या सेलनंतरही साडेपाच तास मागे. बरोब्बर साडेपाच. मरणारा सेल इतक्या हिशेबाने वेळ खात नाही, हे मला शनिवारीच सुचायला हवे होते. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या नेमकी साडेपाच तास पुढे असते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवते. संध्याकाळी दोन मुले क्र. ४ वर मिंट वापरतात, ते बंद होताना घड्याळात जागतिक वेळ राहते आणि सकाळी विंडोज तीच स्थानिक समजून वाचते. फरक १५ तासांच्या आतला असल्यामुळे वेळ-सेवा काही वेळाने तो स्वतःच भरून काढते; म्हणूनच दोष सकाळी दिसायचा आणि पाहायला जावे तो नाहीसा व्हायचा.

मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल या आदेशाने मदरबोर्डचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले. लिनक्स त्यावर नापसंतीचा इशारा देते, कारण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत त्याने गोंधळ होतो. आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच असल्याने तो इशारा मी बाजूला ठेवला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी क्र. १ वर अपडेट चालू असताना लाईन गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि राउटर आहेत. आज मिंट उघडले, पण काहीच बसवून घेईना. पॅकेजची यंत्रणा अर्ध्यात थांबल्याचे आणि डीपीकेजी हे पॅकेजे बसवणारे साधन पुन्हा चालवावे, असे तिने स्वतःच आदेशासकट सांगितले. तो आदेश दिला, उरलेली मांडणी पूर्ण झाली. इतका सरळ संदेश क्वचित भेटतो.

त्याच वेळी क्र. २ वर लिब्रेऑफिसमध्ये सभासद यादी उघडी होती. आज लिब्रेऑफिस चिन्ह दाखवून बंद पडत होते. काढून पुन्हा बसवले तरी तसेच, कारण प्रोग्राम काढला तरी वापरकर्त्याची प्रोफाइल मागे राहते आणि बिघाड तिच्यात होता. सेफ मोडमध्ये ते उघडले, त्यावरून खात्री झाली. ॲपडेटामधील लिब्रेऑफिसच्या फोल्डरमध्ये ‘यूजर’ नावाचे फोल्डर असते, त्याचे नाव बदलून ठेवले. लिब्रेऑफिसने नवे बनवले. जुने पुसले नाही, कारण ताईंनी शब्दकोशात भरलेली गावांची आणि आडनावांची यादी त्यातच होती. ती फाइल नव्यात आणली. सभासद यादीतील शेवटच्या सात नोंदी गेल्या, त्या ताईंनी पावतीपुस्तकावरून भरल्या.

मंडळाकडे दोन संगणक तोलेल अशा यूपीएसची मागणी लिहून दिली आहे. तोपर्यंत अपडेट बुधवारी सकाळीच करायचे, गावठाणाची लाईन त्या वेळी सहसा जात नाही.

३ डिसेंबर, बुधवार

क्र. ३ ला पंधरा दिवसांत एकही अपडेट आले नाही. फायबर तुटला होता तेव्हा मी माझ्या मोबाइलचे हॉटस्पॉट दिले, डेटा वाचावा म्हणून ती जोडणी मोजून वापरायची अशी खूण केली. आणि नंतर राउटरच्या जोडणीवरही तीच खूण केलेली राहिली. चूक माझी, दुरुस्ती एका टिचकीची.

१० डिसेंबर, बुधवार

काल दुसरा मंगळवार होता. आज सकाळी नऊपासून एकेक करून क्र. ६, मग २ ते ५ आणि शेवटी क्र. १ यांची अपडेट्स घेतली. पावणेबारापर्यंत सर्व बसली, मधे लाईन गेली नाही. क्र. ५ वर चारही मुलींचे सरावाचे गुण जतन होत आहेत. तक्रारवहीत गेल्या आठवड्यात तीन नोंदी आल्या, तिन्हींमध्ये पडद्यावरचा संदेश पूर्ण उतरवलेला आहे. एकात मुलाने शेवटी ‘तारीख पाहिली, बरोबर आहे’ असेही लिहिले आहे.

यूपीएसला पुढील सभेत मंजुरी मिळायची आहे. क्र. २ चे घड्याळ आज अकरा मिनिटे मागे होते. त्यावर मिंट नाही. ड्रॉवरमध्ये एक सेल शिल्लक आहे, पण या वेळी आधी वायरमनला मीटर घेऊन बोलावले आहे आणि बायोसच्या मांडणीचे फोटो काढून ठेवले आहेत.